खोक्यावर ३५००, कॉपीला ९५: राजारामपुरीतल्या एका एडिटिंग मशीनचं प्रकरण

कोल्हापूरच्या राजारामपुरीतला हा स्टुडिओ लग्नं करतो, बारशी करतो आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवरचे सामनेही शूट करतो. सामन्याच्या दिवशी तीन कॅमेरे लागतात. दोन सामन्यांचं मिळून प्रत्येक कॅमेऱ्यावर अडीच तासांचं रेकॉर्डिंग होतं आणि रात्री जेवायच्या आत हायलाइट्स तालमीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल संघांच्या, पोरांच्या मोबाइलवर पडल्या पाहिजेत, नाहीतर फोन सुरू होतात. त्यामुळे स्टुडिओचा खरा शत्रू घड्याळ. कॉपीत गेलेला अर्धा तास म्हणजे एडिटिंगचा अर्धा तास गेला.

त्यासाठीच १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी (चिपांवर साठवणारी, जलद जोडणीची डिस्क) आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत: वाचन ३,५०० एमबी प्रति सेकंद, लेखन ३,००० पर्यंत. बसवला, फॉरमॅट केला, मॅचचा डेटा टाकायला घेतला. चार मिनिटं बरी गेली आणि मग आकडा धाडकन ९५ वर आला तो तिथेच राहिला. "साडेतीन हजार लिहिलंय आणि नव्वदवर रांगतंय, ह्यो काय प्रकार हाय?" ही मालकाची तक्रार. वर आणखी दोन: बेंचमार्कमध्येही (वेग मोजणाऱ्या चाचणीतही) ३,५०० ऐवजी ८२० दिसतात, म्हणजे माल डुप्लिकेट आहे; आणि तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन आधी अडकत होती तशीच अजून अडकते. दुकानातून उत्तर आलं, "दादा, एकदा विंडोज मारून बघूया." विंडोज पुन्हा टाकूनही झालं. फरक शून्य.

मशीन असं होतं: आठव्या पिढीचा कोअर आय५-८४००, एच३१० चिपसेटचा (बाकी भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपचा) बोर्ड, १६ जीबी रॅम, १६-लेनच्या (लेन म्हणजे डेटाची एक वाट) स्लॉटमध्ये ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, विंडोजसाठी जुना साटा एसएसडी (साटा ही डिस्क जोडण्याची जुनी, संथ पद्धत), साठवणीला ४ टीबीची ७,२०० आरपीएम हार्ड डिस्क. यात नवा एनव्हीएमई, बोर्डावरच्या एकुलत्या एका एम.२ स्लॉटमध्ये, म्हणजे चपट्या एसएसडीच्या खाचेत.

तीन तक्रारी एकाच डिस्कच्या माथी मारल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात तिघींची कारणं वेगवेगळी निघाली, आणि एकीशी तर एसएसडीचा संबंधच नव्हता.

आधी डेटा किती, ते मोजलं

वेगाच्या तक्रारीत पहिलं काम बेंचमार्क चालवायचं नसतं. कामाला नक्की किती वेग लागतो तो आकडा आधी कागदावर यावा लागतो. इथे कॅमेरे ४के, २५ फ्रेम, १०० मेगाबिट प्रति सेकंदाने रेकॉर्ड करतात. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे १२.५ एमबी प्रति सेकंद. तासाला ४५ जीबी. अडीच तासांचे ११२.५ जीबी, म्हणून १२८ जीबीच्या एका कार्डात एक कॅमेरा जेमतेम बसतो. तीन कॅमेऱ्यांचे मिळून ३३७.५ जीबी.

यातून दोन गोष्टी तिथल्या तिथे कळतात. एक, कॉपी करायचा गठ्ठा साधारण ३४० जीबीचा आहे. १ जीबीच्या चाचणीत दिसलेला कोणताही आकडा या गठ्ठ्याबद्दल काही सांगत नाही. दोन, तिन्ही कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर चालवायचे तर डिस्कवरून वाचावे लागतात फक्त ३७.५ एमबी प्रति सेकंद. एवढं तर ती जुनी हार्ड डिस्कही, शिस्तीत वाचायला दिलं तर, देते. म्हणजे टाइमलाइन अडकण्याचं कारण डिस्कचा वेग असण्याची शक्यता इथेच जवळजवळ संपली होती.

८२० चं कोडं: स्लॉट

डिस्कची माहिती दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं की 'ट्रान्सफर मोड' नावाच्या ओळीत उभ्या रेघेच्या डावीकडे सध्या मिळालेली जोडणी आणि उजवीकडे ड्राइव्हची कुवत दिसते. इथे उजवीकडे पीसीआयई ३.० एक्स४ (बोर्डावरच्या पीसीआयई जोडणीची तिसरी पिढी, चार लेन) होतं आणि डावीकडे पीसीआयई २.० एक्स२. माल डुप्लिकेट असल्याचा संशय या एका ओळीने निकालात निघाला. ड्राइव्ह बरोबर होता, त्याला मिळालेला स्लॉट अरुंद होता.

हिशेब असा. पीसीआयई २.० मध्ये एका लेनवर सेकंदाला ५ गिगाट्रान्सफर होतात, पण दर ८ बिट डेटासाठी तारेवर १० बिट पाठवावे लागतात. म्हणून एका लेनचे ५०० एमबी, दोन लेनचे १,०००. त्यातून पॅकेटांचा वरखर्च वजा जाता हातात ८०० ते ८५० येतात. वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कने दाखवलेले ८२० म्हणजे त्या स्लॉटने दिलेलं पुरेपूर माप आहे. पीसीआयई ३.० मध्ये गती ८ गिगाट्रान्सफर झाली, आणि १३० बिटांत १२८ बिट डेटा अशी काटकसरीची पद्धत आली, त्यामुळे एका लेनचे साधारण ९८५ एमबी झाले. चार लेनचे ३,९४०, हातात सुमारे ३,५००. खोक्यावरचा आकडा इथून आलेला असतो. पीसीआयईच्या चौथ्या पिढीत तो पुन्हा दुप्पट होतो, म्हणून त्या ड्राइव्हवर ७,००० च्या आसपासचे आकडे दिसतात. साटाचं गणित पीसीआयई २.० सारखंच: ६ गिगाबिट, ८ ला १०, म्हणजे ६०० एमबी, प्रत्यक्षात ५५०.

एच३१० हा त्या पिढीतला सगळ्यात स्वस्त चिपसेट. प्रोसेसरकडे पीसीआयई ३.० च्या १६ लेन आहेत, पण त्या सगळ्या ग्राफिक्सच्या स्लॉटला जातात. एम.२ ला लेन चिपसेटकडून मिळतात, आणि एच३१० कडे आहेत त्या २.० च्या. काही बोर्डांवर एम.२ ला चार लेन दिल्यात, काहींवर दोनच. स्लॉट दिसायला हुबेहूब सारखा, खाच त्याच जागी, ड्राइव्हही विनातक्रार बसतो. फरक कळतो तो फक्त बोर्डाच्या माहितीपुस्तकातल्या एका ओळीवरून. त्याच वर्षीचा बी३६० बोर्ड असता तर चिपसेटच्या लेन ३.० च्या मिळाल्या असत्या. पण मशीन जुळवताना बोर्डावर वाचवलेले पैसे कुठे भरावे लागतात हे तेव्हा कोणी विचारत नाही, सांगतही नाही.

मग अॅडॅप्टर कार्ड लावून दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकता येईल का, हा पुढचा प्रश्न आलाच. १६-लेनच्या स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे, आणि प्रोसेसरच्या १६ लेन आठ-आठ अशा वाटून देणं एच३१० वर होत नाही. राहिले एक-लेनचे छोटे स्लॉट, तेही २.० चे: तिथे कमाल ५००, हातात ४००. म्हणजे होतं त्याच्या निम्मं.

इथे एक गोष्ट मालकाला सांगावी लागली, आणि ती पटायला वेळ लागला: ८२० ऐवजी ३,५०० मिळाले असते तरी त्याच्या कॉपीचा वेळ बदलला नसता. कारण कॉपीत हा स्लॉट कधीच भरत नव्हता.

९५ चं कोडं: क्यूएलसी आणि कॅशे

डेटा स्टुडिओत दोन वाटांनी येतो. बहुतेक वेळा मैदानावरच लॅपटॉपला पोर्टेबल एसएसडी लावून कार्डं रिकामी केली जातात, कारण संध्याकाळी हळदीला तीच कार्डं लागतात. तो पोर्टेबल एसएसडी मग पीसीच्या मागच्या यूएसबी पोर्टला लागतो. घाई असली तर मात्र थेट कार्डं येतात. ती वाट नंतर बघू.

पोर्टेबल एसएसडीवर १,०५० लिहिलं आहे, पण ते १० गिगाबिटच्या पोर्टवर. एच३१० मध्ये १० गिगाबिटचं यूएसबी नाही. ५ गिगाबिटच्या पोर्टवर ४२० ते ४३० मिळतात आणि तेच मिळत होते. (वेगळं यूएसबी कार्ड टाकू म्हटलं तर ते परत त्या एक-लेनच्या २.० स्लॉटमध्येच जाणार. पैसे वाया.)

३३७ जीबीचा पूर्ण गठ्ठा घड्याळ लावून कॉपी केला. विंडोजच्या नेहमीच्या कॉपीत पहिली काही सेकंदं रॅममधली लिखाणाची कॅशे (तात्पुरता साठा) खोटा मोठा आकडा दाखवते, म्हणून रोबोकॉपी या विंडोजच्याच कॉपीच्या साधनाला 'जे' हा स्विच देऊन, म्हणजे बफर न वापरता, कॉपी केली. मोठ्या फायलींसाठी तो स्विच तसाही चांगला. पहिले १०८ जीबी ४२५ च्या आसपास, सव्वाचार मिनिटांत. त्यानंतर ९५. उरलेल्या २२९ जीबीला ४० मिनिटं. एकूण ४४ मिनिटं आणि वर काही सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये त्या ४० मिनिटांत डिस्कचा 'अॅक्टिव्ह टाइम' १०० टक्के आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ शेकडो मिलिसेकंद. वेग कमी आणि अॅक्टिव्ह टाइम मात्र पूर्ण, हे दृश्य दिसलं की अडथळा वाटेत नाही, डिस्कच्या आत आहे असं समजायला हरकत नाही.

आत काय होतं? हा ड्राइव्ह क्यूएलसी, म्हणजे एका सेलमध्ये चार बिट. चार बिटांसाठी सेलमध्ये विद्युतभाराच्या १६ पातळ्या अचूक बसवाव्या लागतात, आणि ते काम संथ असतं. म्हणून ड्राइव्हचा कंट्रोलर रिकाम्या सेलमध्ये आधी एकेकच बिट भरभर लिहून घेतो. याला एसएलसी कॅशे म्हणतात. नंतर निवांत वेळ मिळाला की चार सेलमधलं एका सेलमध्ये दाबून बसवतो. गोम इथे आहे: एकेक बिट लिहिलं की चारपट जागा जाते. म्हणून अशी बदलती कॅशे जास्तीत जास्त मोकळ्या जागेच्या एक चतुर्थांश होऊ शकते. ड्राइव्हवर ४८० जीबी मोकळे होते. चतुर्थांश १२०. थोडं राखीव सोडलं की १०८ ला दम सुटणं अगदी हिशेबात बसतं.

अंदाज खरा की नाही ते तपासायला जुने प्रोजेक्ट हार्ड डिस्कवर हलवले, ८४० जीबी मोकळे केले, ड्राइव्हला तासभर स्वस्थ सोडलं आणि तोच गठ्ठा परत कॉपी केला. वेग या वेळी १९० जीबीच्या पुढे गेल्यावर पडला. पण पडला तो परत ९५ वरच. जागा वाढवली की कॅशे वाढते, क्यूएलसीचा मूळ वेग वाढत नाही.

आणखी दोन संशयित याच फेरीत सुटले. ट्रिम (पुसलेली जागा ड्राइव्हला कळवण्याची सोय) चालू आहे का, ते विंडोजमधल्या एफएसयुटिल आज्ञेच्या 'डिसेबल-डिलीट-नोटिफाय' या विचारणेने पाहिलं. उत्तर ० आलं, म्हणजे चालू. नाव उलटं आहे, ० म्हणजे बंद समजून पुष्कळ जण चुकतात. दुसरा संशय तापमानाचा: एम.२ स्लॉट नेमका ग्राफिक्स कार्डाच्या खाली, वर हीटसिंक नाही, एप्रिलची दुपार. पण कॉपीच्या शेवटीही तापमान ५८ अंशांच्या वर गेलं नाही. दोन लेनच्या २.० जोडणीवर कंट्रोलरला तापायला वावच नसतो. चौथ्या पिढीचा ड्राइव्ह ७,००० च्या वेगाने धावत असता तर हाच प्रश्न पहिल्या क्रमांकावर आला असता, आणि ८० अंशांच्या आसपास कंट्रोलरने स्वतःहून वेग कापला असता.

बेंचमार्कने हे सगळं का लपवलं? क्रिस्टलडिस्कमार्कची नेहमीची चाचणी १ जीबीच्या फायलीवर चालते. ती कॅशेत मावते, मोकळा ड्राइव्ह असो की अर्धा भरलेला. खोक्यावरचे आकडेही त्याच परिस्थितीतले असतात, आणि त्यांच्या आधी बारीक अक्षरांत 'अप टू' असतं. कॅशे संपल्यावरचा वेग मात्र खोक्यावर कोणीच छापत नाही.

कार्डाची वाट

थेट कार्डावरून कॉपी केली की ३८ एमबी. हा आकडा पाहिल्यावर अनुभवी माणूस डिस्ककडे वळत नाही. ३५ ते ४० म्हणजे यूएसबी २.० ची सही असते. पण कार्ड रीडर तर कॅबिनेटच्या पुढच्या निळ्या पोर्टला लावलेला होता, आणि रीडरही ३.० चाच.

झाकण काढल्यावर उलगडा झाला. पुढच्या पोर्टची जाड निळी केबल बोर्डावरच्या १९ पिनांच्या जागी न लावता एका बोटाएवढ्या कन्व्हर्टरमध्ये घातली होती आणि तो कन्व्हर्टर ९ पिनांच्या जुन्या २.० हेडरवर बसवलेला. का, तेही दिसलं: १९ पिनांच्या हेडरमधली कोपऱ्याजवळची एक पिन आडवी झोपलेली. कोणीतरी केबल तिरकी दाबली, पिन वाकली, आणि दुरुस्त करण्याऐवजी कन्व्हर्टर लावून वेळ मारून नेली. पोर्ट निळं, आतली जोडणी २.० ची.

पॉवर केबल काढून, बारीक चिमट्याने पिन बुडाशी धरून हळूहळू उभी केली. टोकाला धरून ओढली तर ती मोडते. केबल सरळ बसवली. त्याच कार्डावर, त्याच रीडरने ९० मिळाले. यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची कमाल मर्यादा १०४ आहे, तेव्हा ९० म्हणजे उत्तम. तीन कार्डांचे ३३७ जीबी आधी अडीच तास खायचे, आता तासाभरात होतात. सबंध प्रकरणातली सगळ्यात मोठी बचत या एका पिनेने केली, आणि तिला एक रुपयाही लागला नाही.

टाइमलाइन

तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन चालवून टास्क मॅनेजर पाहिला: डिस्क ४ टक्के, प्रोसेसर १००. कॅमेऱ्याची फाइल एच.२६४ या दाबून लहान केलेल्या स्वरूपाची, त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मागच्यापुढच्या फ्रेमवरून ती उभी करावी लागते. तीन ४के प्रवाह एकत्र उलगडणं हे काम प्रोसेसरचं. आय५-८४०० च्या आतल्या ग्राफिक्समध्ये या कामासाठी इंटेलचा क्विक सिंक आहे, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर बोर्डाने आतलं ग्राफिक्स बंद करून टाकलं होतं. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' चालू केलं, ड्रायव्हर टाकला, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग तपासलं. बराच फरक पडला. तरी मल्टिकॅमसाठी ७२०पी प्रॉक्सी (मूळ फायलींच्या हलक्या प्रती) बनवूनच काम करायचं ठरलं, कारण सामन्याच्या रात्री नशिबावर हवाला ठेवण्यात अर्थ नाही.

एनव्हीएमई आणला म्हणून विंडोज आणि प्रोजेक्ट झटक्यात उघडायला हवेत, ही अपेक्षाही इथेच तपासली. खोक्यावर ३,५०,००० आयओपीएस (सेकंदाला पुरवलेल्या मागण्या) लिहिलं आहे. एका वेळी एकच ४ केबीची मागणी अशा चाचणीत ड्राइव्हने ४८ एमबी दिले, म्हणजे सेकंदाला साधारण ११,७०० मागण्या, एका मागणीला ८५ मायक्रोसेकंद. साडेतीन लाखांचा आकडा गाठायचा तर सतत ३० मागण्या एकाच वेळी रांगेत उभ्या असाव्या लागतात. एनव्हीएमईची रचना तशी गर्दी झेलायलाच केलेली आहे: साटाच्या एएचसीआय पद्धतीत ३२ मागण्यांची एकच रांग असते, एनव्हीएमईमध्ये हजारो रांगांची सोय आहे. पण एका माणसाच्या मशीनवर प्रोजेक्ट उघडताना रांगेत उभी असते एखाददुसरी मागणी. तिथे फ्लॅशला (साठवणाऱ्या चिपला) लागणारा वेळच खरा. अरुंद स्लॉटचं नुकसानही इथे नगण्य: ४ केबी दोन लेनवरून जायला ४ मायक्रोसेकंद, ३.० च्या चार लेनवरून १. पंच्याऐंशीत तीनचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही.

काय बदललं

तीन पर्याय होते. पहिला, बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचा. खर्च मोठा, आणि क्यूएलसीचे ९५ नव्या बोर्डावरही ९५च राहणार. दुसरा, टीएलसीचा (एका सेलमध्ये तीन बिट) एनव्हीएमई घेऊन याच स्लॉटमध्ये टाकायचा आणि जुना काढून ठेवायचा. चालला असता, पण हातातला ड्राइव्ह पडून राहिला असता. तिसरा पर्याय निवडला, जो ऐकायला उलटा वाटतो: १ टीबीचा साटा एसएसडी, टीएलसीचा आणि स्वतःची डीरॅम (जलद स्मृती) असलेला, फक्त डेटा उतरवून घेण्यासाठी.

दुकानात "एनव्हीएमई असताना साटा कशाला?" असं विचारलं गेलंच. कारण साधं आहे. येणारा डेटा ४३० च्या वर येऊच शकत नाही. यूएसबी पोर्ट देत नाही. साटाचे ५५० त्याला पुरून उरतात. प्रश्न फक्त तो वेग ३४० जीबी संपेपर्यंत टिकतो का एवढाच, आणि चांगला टीएलसी साटा ड्राइव्ह तो टिकवतो. डीरॅमचा आग्रह यासाठी की कोणता डेटा कुठल्या सेलमध्ये आहे याचा तक्ता ड्राइव्हला सतत चाळावा लागतो. डीरॅम नसलेला एनव्हीएमई त्यासाठी मशीनच्या रॅममधला थोडा भाग उसना घेऊ शकतो. साटामध्ये ती सोय नाही. त्यामुळे डीरॅम नसलेला स्वस्त साटा ड्राइव्ह दोन्हीकडून मार खातो.

फ्लॅश कोणती हे दुकानदाराला बहुतेक वेळा माहीत नसतं, आणि एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपन्या आतले भाग बदलतातही. अशा वेळी टीबीडब्ल्यूचा, म्हणजे हमीत एकूण किती टीबी लिहिता येतात त्याचा, आकडा बघावा. १ टीबीला २०० च्या आसपास असेल तर क्यूएलसी धरून चालावं. ३५० ते ६०० असेल तर बहुधा टीएलसी. इथल्या एनव्हीएमईला २२० आहे, नव्या साटाला ३६०. स्टुडिओचं लिखाण आठवड्याला मॅचच्या दोन दिवसांचे पावणेसातशे जीबी आणि प्रॉक्सी, रेंडर धरून जवळपास १ टीबी, म्हणजे वर्षाला ५२ टीबी. त्या हिशेबाने एनव्हीएमईची हमी सव्वाचार वर्षांत संपली असती, खोक्यावर पाच वर्षं लिहिलेली असली तरी. हमीत वर्षं किंवा टीबीडब्ल्यू, जे आधी भरेल ते धरतात.

बसवताना एक विघ्न आलं. खणात पडलेली जुनी साटा केबल लावली. कॉपी सुरू झाली, मधूनच दोन-तीन सेकंद थांबायची, परत धावायची. ड्राइव्ह नवा, टीएलसी, तरी असं? क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी७ क्रमांकाची ओळ, सीआरसी चुकांची, शून्यावरून चाळीसच्या पुढे गेली होती. ही संख्या वाढते तेव्हा दोष केबलमध्ये किंवा टोकाच्या जोडणीत असतो. तारेवर डेटा बिघडतो आणि परत पाठवावा लागतो. त्या केबलच्या टोकाला पकड नव्हती, हात लागला की हलायची. पत्र्याची क्लिप असलेली नवी केबल लावली. सी७ चा आकडा पुन्हा शून्य होत नाही, पण वाढायचा थांबला, आणि तेवढंच पाहायचं असतं.

पूर्ण ३३७ जीबी, पोर्टेबल एसएसडीवरून नव्या साटावर: साडेतेरा मिनिटं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ४१५ च्या आसपास. ४४ च्या जागी साडेतेरा, तेही 'हळू' इंटरफेसवर. एडिटिंगसाठी वाचनही याच ड्राइव्हवरून होतं.

एनव्हीएमईला आता प्रॉक्सी, सॉफ्टवेअरची मीडिया कॅशे, टायटल आणि संगीताचा साठा दिलाय. ही लिखाणं लहान-लहान हप्त्यांत होतात, कॅशेत मावतात, मधल्या वेळात ड्राइव्ह आपलं आवरून घेतो. ३०० जीबी तरी नेहमी मोकळे ठेवायचे असं ठरलं आहे. मोठी कॉपी संपल्या-संपल्या त्याच ड्राइव्हवर काम सुरू करू नये हेही सांगितलंय, कारण आत दाबून बसवण्याचं काम तेव्हा चालू असतं आणि वाचनालाही धक्के बसतात. कार्डं मात्र दोन ठिकाणी प्रत गेल्याशिवाय आणि दोन्ही प्रतींचा हॅश (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळल्याशिवाय फॉरमॅट करायची नाहीत. रोबोकॉपी लिहिलेलं परत वाचून पडताळत नाही, आणि मॅच पुन्हा शूट करता येत नाही.

पुढे कधी बोर्ड बदलायचा झाला तर हाच एनव्हीएमई तिकडे जाईल. एच६१० या नंतरच्या चिपसेटवर एम.२ ला साधारणपणे पीसीआयई ३.० च्या चार लेन चिपसेटकडून मिळतात, तेवढ्या या ड्राइव्हला पुरेशा आहेत. चौथ्या पिढीचा ड्राइव्ह पूर्ण वेगाने चालवायचा असेल तर बी६६० तरी घ्यावा लागेल, जिथे एम.२ ला थेट प्रोसेसरच्या लेन जोडता येतात. बोर्डाचं माहितीपुस्तक कंपनीच्या साइटवर फुकट असतं. पैसे देण्याआधी त्यातली एम.२ ची ओळ वाचायची, आणि 'एक्स२' दिसलं तर तो बोर्ड काउंटरवरच ठेवायचा.